सहाशेच्या खाली

एक्याऐंशीव्या दिवशीही तोच मेसेज आला. 'नमस्कार, दुर्वाची आई! काल आपल्या बाळाची नोंद मिळाली नाही. घुंगरू बाळाच्या अंगावर आहे ना?' फक्त आज त्याखाली लाल अक्षरांत एक ओळ वाढली होती : 'आणखी नऊ दिवस नोंद न आल्यास बाळाचे नाव यादीतून कमी होईल.'

घुंगरू बाळाच्या अंगावरच होतं. दुर्वा फरशीवर बसून एका वाटीतले चुरमुरे दुसऱ्या वाटीत टाकत होती आणि तिच्या झबल्याच्या गळ्याशी ते चण्याएवढं पांढरं यंत्र हिरवा दिवा लावून बसलं होतं. मी ते काढलं, पुसलं, उगाच कानाशी धरून पाहिलं आणि परत लावलं. दुर्वानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. काही म्हणाली नाही.

नाशिकला माझ्या आईकडे होतो तेव्हा तिला दोन शब्द येत होते. 'दे' आणि 'काऊ'. इथे आल्यावर 'दे' पंधरा दिवसांत गेला. 'काऊ' महिनाभर टिकला. मग एका सकाळी कठड्यावर कावळा येऊन बसला, तिनं बोट दाखवलं, आणि तोंड मिटलेलंच ठेवलं. आता ती वस्तूकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि मी देते. मला तिची नजर इतकी नीट वाचता येते की तिला मागावंच लागत नाही.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कान तपासले. उत्तम आहेत म्हणाले. "घरात बोलता ना तिच्याशी?"

"हो तर," मी म्हणाले.

आमचं घर म्हणजे सड्यावरची वसाहत. सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार. झाड नाही, आडोसा नाही. समुद्रात बावीस किलोमीटर आत पवनचक्क्यांची रांग उभी आहे आणि त्यांची निगा राखणाऱ्या लोकांसाठी कंपनीनं वर सड्यावर तीन इमारती बांधल्यात. छत्तीस घरं, त्यांतली निम्मी रिकामी. माझा नवरा, हर्षद, अठ्ठावीस दिवस समुद्रातल्या फलाटावर असतो आणि चौदा दिवस घरी. दूध, भाजी, औषधं ड्रोन आणून गच्चीत ठेवतो. पहिल्या आठवड्यात मी त्या ड्रोनला 'थँक यू' म्हणाले होते. नंतर सोडून दिलं.

आणि एक गोष्ट सांगायला हवी. दुर्वा साडेसात महिन्यांची जन्मली. काचेच्या पेटीत एकोणीस दिवस होती. तिथे मला एकच काम दिलं होतं : बघायचं. छाती वर जातेय की नाही ते. तेव्हापासून मी ऐकत असते. भांडं हळू ठेवते, नळ बारीक सोडते, कारण मध्ये आवाज आला की तिचा श्वास ऐकू येत नाही. आईकडे माणसं होती, ती बोलायची, मी ऐकायची. इथे फक्त मी आहे. ऐकणारीच तेवढी उरली.

*

दुपारी सुगंधाताई आल्या. खालच्या गावातल्या अंगणवाडीच्या सेविका. स्कूटर लावून, धापा टाकत जिना चढून, दारातूनच सुरू झाल्या. "अगो, लिफ्ट बंद, पंखा बंद, माणसं बंद! काय गो हे तुमचं? तीन मजले चढले, एक कुत्रं दिसलं नाही."

त्यांनी दुर्वाचं घुंगरू काढून, टॅब्लेटवर त्याला 'चाचणी' लावून, स्वतःच्या पदराला टाचलं आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आल्या. "यंत्र ठणठणीत आहे. नऊ हजार चारशे शब्द मोजलेन. त्यातले दोनेक हजार मी कोंबड्यांशीच बोलले असेन." मग दुर्वाला मांडीवर घेऊन, आवाज उतरवून म्हणाल्या, "मग तुमच्याकडे का नाही नोंदवत?"

"नेटवर्क असेल," मी म्हणाले.

"नेटवर्क काल पण होतं." त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "दीड वर्षाची व्हायला किती दिवस?"

"अकरा."

"दीड वर्षानंतर नाव परत घालता येत नाही, माहीत आहे ना? यादीत असली तर तिच्याशी बोलायला, बोलसखी म्हणून, मीच येणार आठवड्यातून तीनदा. यादीत नसली तर मला सही करून यायची परवानगी नाही. स्कूटर सरकारची, वेळ सरकारची."

मला माहीत होतं. सुगंधाताईंना जे माहीत नव्हतं तेही मला माहीत होतं. ती योजना ज्या माहितीसाठ्यावर चालते, तो बांधणाऱ्या टीममध्ये मी होते. रजेवर येईपर्यंत. पण ऐंशी दिवस मी स्वतःला नेटवर्क, चार्जर, वारा असं काहीबाही सांगत होते, आणि कोंबड्यांनी ते सगळं मोडून काढलं.

ताई गेल्यावर मी घुंगराची खालची बाजू सात सेकंद दाबून धरली. असं केलं की त्यानं मोजलेले मूळ आकडे फोनवर दिसतात. हे आम्हा पाच-सहा जणांशिवाय कुणाला ठाऊक नाही. परवाचा आकडा : ४१२. त्याआधी ३८८. त्याआधी ४३१, ५४०, २०७.

सगळे सहाशेच्या खाली. आणि सहाशे हा आकडा माझा होता.

*

घुंगरू काय करतं ते सोपं आहे. लहान मूल पहिल्या तीन वर्षांत जेवढी बोलकी माणसं जवळून ऐकतं, तेवढी त्याच्या मेंदूत भाषेची वाट रुंद होते. म्हणून घुंगरू बाळाच्या कानावर पडणारे शब्द मोजतं. कुठल्या भाषेतले आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते आवाजातल्या चढउतारांवरून अक्षरं मोजतं आणि त्यावरून शब्दांचा अंदाज बांधतं. टीव्ही, फोन, स्पीकर यांतून आलेलं बोलणं ते सोडून देतं, कारण स्पीकरचा आवाज एका सपाट ठिकाणाहून येतो आणि माणसाचा आवाज छाती, घसा, तोंड असा तीन जागी घुमून येतो. म्हणजे हर्षद फलाटावरून करतो ते व्हिडिओ कॉल, आजीच्या फोनवरच्या गोष्टी, सगळं शून्य.

दिवसाच्या शेवटी एक पूर्णांक तयार होतो. तो राज्याच्या साठ्यातल्या एका रकान्यात जाऊन बसतो. त्या जातीच्या रकान्यात उणे बत्तीस हजारांपासून अधिक बत्तीस हजारांपर्यंत काहीही बसू शकतं. पण घरात उणे शब्द कसे असतील? म्हणून रकान्यावर अट घालतात : या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंतच. बाहेरचं काही आलं की साठा ते घेतच नाही. मोबाइल ॲप चुकेल, अंगणवाडीची टॅब्लेट चुकेल, पण रकान्यावरची अट चुकत नाही. ती शेवटचं दार आहे. आणि नाकारला जातो तो नुसता आकडा नाही, अख्खी ओळ. बाळाचं नाव, तारीख, वय, सगळं. चुकीचा दिवस लिहिला जात नाही. तो दिवस झालाच नाही असं होतं.

वरची हद्द तीस हजार ठेवली. त्यावर वाद नव्हता. वाद खालच्या हद्दीचा होता.

पहिली चाचणी सांगलीजवळच्या दोन गावांत झाली. एकशे चाळीस घरं. घुंगरू देताना आमच्या माणसानं प्रत्येक घरून सही घेतली : 'शासकीय मालमत्ता, हरवल्यास जबाबदारी कुटुंबाची.' झालं. कित्येक घरांत सासवांनी ते बाळाच्या अंगावरून काढून लोखंडी कपाटात दागिन्यांशेजारी ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. महिनाभर सव्वीस कपाटं इमानेइतबारे शब्द मोजत होती. दाराच्या फटीतून जेवढं आत शिरेल तेवढं. सर्वांत बोलक्या घराच्या कपाटानं एका दिवशी पाचशे ऐंशी शब्द ऐकले.

आम्ही पोट धरून हसलो होतो. मग आमच्या प्रमुख कुलथे मॅडम म्हणाल्या, "हसून झालं असेल तर कपाटं बाहेर काढा. जिल्ह्याची सरासरी खाली ओढतायत." आणि मी लिहिलं : सहाशे ते तीस हजार.

अल्ताफ मुजावर शेजारच्या खुर्चीत होता. मिरजेचा. तो म्हणालाही, "आणि एखाद्या घरात खरंच कुणी बोलत नसंल तर गं?"

"असं घर असतं का?" मी म्हणाले होते. "अरे, कपाटसुद्धा पाचशे ऐकतं."

तेव्हा आमच्या ऑफिसात सत्तर माणसं एका हॉलमध्ये बसायची. मला डोकं दुखायचं त्या आवाजानं.

*

हर्षदचा कॉल संध्याकाळी पाचला येतो. मागे वारा, पुढे त्याचं हेल्मेट.

"पिल्लू कुठंय? ए दुर्वू! बाबा बघ, बाबा!" दुर्वानं स्क्रीनला हात लावला. हसली. काही म्हणाली नाही. "शलू, हिचं वजन वाढलंय का? गाल बघ."

मी त्याला आकडे सांगितले. चारशे बारा. कपाटाचं सांगितलं नाही.

"म्हणजे... तू बोलत नाहीस तिच्याशी?"

"बोलते. कमी पडतंय."

"मग बोल की! एवढंच ना? उद्यापासून धडाका लाव. हे बघ बाळा, ही भेंडी, हा कांदा. तू तर कॉलेजात वादविवादाला जायचीस."

"तिथे समोरून कुणीतरी उत्तर द्यायचं, हर्षद."

"अगं, ती देईल ना उत्तर. तू सुरुवात तर..." मग मागून कुणीतरी हाक मारली आणि त्याला जावं लागलं.

मी सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून. ही भेंडी, दुर्वा. भेंडी हिरवी असते. आता आई भेंडी पुसते. आता आई... भिंतीवर आपटून माझाच आवाज परत येत होता, जाहिरातीतल्या बाईसारखा. दहाच्या सुमारास माझ्याकडचं संपलं. मग मी तेलाच्या पिशवीवरचं वाचलं, वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका वाचली, हमीच्या अटी वाचल्या. दुर्वा आधी बघत राहिली, मग सरकत सरकत दुसऱ्या खोलीत गेली. मी मागे गेले. बोलत. तिनं पडद्याआड तोंड लपवलं.

संध्याकाळी आकडा सहाशे त्रेसष्ट होता. हिरवी खूण आली. 'धन्यवाद! नोंद मिळाली.' मी खाली बसले आणि रडले. नाव टिकलं, पण दीड वर्षाआधीच्या तीस दिवसांत वीस नोंदी असल्या तरच बोलसखी मिळते. माझ्याकडे उरलेले दिवस दहा, नोंद एक. आणि ते नियम जिच्या सहीनं गेले तीही मीच.

सुगंधाताईंनी फोनवर तोडगा काढला. "माझ्याकडे ठेव तिचं घुंगरू. चोवीस पोरं नि मी. पाच-सहा हजार आरामात होतील. नोंदी तरी होतील."

"मग तिची सरासरी पाच हजार दिसेल, ताई. तीन हजारांच्या वरच्यांना बोलसखी नाही मिळत. ती ठीक आहे असं लिहिलं जाईल."

"शी बाई! कुणी केलेन असले नियम?"

"ठेवते, ताई," मी म्हणाले.

*

अल्ताफला फोन केला तो खरं तर एक आकडा विचारायला. त्यानं उचलल्या उचलल्या आरडाओरडा केला. "ओ बाईसाहेब! जित्या हायसा व्हय? लेकरू कसं हाय?"

"छान आहे. अल्ताफ, एक बघशील? सहाशेच्या अटीवर रोज किती ओळी परत जातात?"

की-बोर्डचा आवाज आला. "काल अकरा हजार दोनशे चाळीस. कपाटं वाढली की गं. राज्यभर सासवा एकच." तो हसला. मी हसले नाही. "का? रजेत बी काम करतीस का काय?"

"सहज."

"शलाका."

"हं."

"तू चार मिनिटं झाली बोलतीस आणि मी मोजलं, तुझे वीस-बावीस शब्द झाले. काय झालंय?"

आणि मी सांगितलं. सगळं. चारशे बारा, दोनशे सात. 'काऊ' गेला ते. तो मध्ये एकदाही बोलला नाही, आणि अल्ताफला ओळखणाऱ्याला कळेल की हे केवढं मोठं आहे.

"तू आपणच अट काढून टाक," मी म्हणाले. "शून्य कर."

"मॅडम म्हणतील कपाटं परत आत आली. आणि त्यांचं बी खरं हाय, त्या अकरा हजारात कपाटं हायतच. तक्रार एकसुद्धा न्हाई, शलाका. मी बघितलं आत्ता. एक न्हाई."

का असेल? मेसेज म्हणतो, घुंगरू बाळाच्या अंगावर आहे ना? बाई चार्जर बदलते. बाईला वाटतं, आपलंच चुकतंय.

"मला एक घर लागंल," अल्ताफ हळूच म्हणाला. "जिथं बाळ हाय, घुंगरू अंगावर हाय, आणि तरी सहाशेच्या खाली. घुंगरात पंचेचाळीस दिवसांचा मूळ आवाज असतोय. तो योजनेच्या समितीपुढं वाजवावा लागंल. नावानिशी." मग म्हणाला, "न्हाईतर मी तुझ्या एकटीच्या नोंदी हातानं घालू शकतो. दुर्वाचं काम होऊन जाईल. कुणाला कळणार न्हाई."

खरं सांगते, मी त्याला 'घाल' म्हणाले. त्यानं 'बरं' म्हटलं. की-बोर्डचा आवाज पुन्हा सुरू झाला. माझ्या डोळ्यांसमोर अकरा हजार बायका नव्हत्या. इतकी मोठी माझी छाती नाही. एकच होती. कुठेतरी घुंगरू कानाशी धरून हलवून पाहणारी.

"नको," मी म्हणाले. "वाजव."

*

समितीची बैठक गुरुवारी सकाळी अकराला झाली. पुण्यात पाच माणसं टेबलाभोवती, मी स्क्रीनवर. दुर्वा माझ्या मांडीवर. हर्षदला मी आदल्या दिवशी कपाटासकट सगळं सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, "आपलं घर लोकांना ऐकवणार?" आणि मग, "मला पाठव आधी. मी ऐकतो." त्यानं ऐकलं की नाही, मी विचारलं नाही.

अल्ताफनं मंगळवारच्या दुपारची वीस मिनिटं लावली.

वारा. खिडकीची कडी एका लयीत वाजतेय. पंखा. वाटी फरशीवर ठेवल्याचा आवाज. चुरमुरे. बराच वेळ चुरमुरे. दूर कुठेतरी दार. नळ, अगदी बारीक. मग माझा आवाज : "हं." मग पुन्हा वारा. मला हे सगळं रोजचं होतं, पण बाहेरून ऐकताना मी त्या घरात कुणी राहतं का ते शोधत होते. सातव्या मिनिटाला समितीतल्या भाषातज्ज्ञ बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाराव्या मिनिटाला कुलथे मॅडम म्हणाल्या, "पुरे."

"अजून आठ मिनिटं हायत," अल्ताफ म्हणाला.

"त्यात काही आहे?"

"न्हाई, मॅडम."

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं. त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काम केलं. त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, की उतरवला नव्हता. "शलाका, हे कपाट नाही कशावरून? रेकॉर्डवर घ्यावं लागेल म्हणून विचारतेय."

"बाळ होतं तिथे, मॅडम. मीही होते."

"ते तू सांगतेस. यंत्र काय सांगतं?"

अल्ताफनं दुसरी फीत लावली. त्याच वीस मिनिटांची, पण वारा, वाटी, शब्द सगळं गाळून. घुंगरू छातीशी असतं. बाळाचा श्वास त्यात येतोच. आमचं यंत्र तो पहिल्या पायरीवर कचरा म्हणून फेकून देत होतं. अल्ताफनं दोन रात्री जागून तो कचऱ्यातून परत काढला. खोलीत दुर्वाचा श्वास ऐकू यायला लागला. आत, बाहेर. आत, बाहेर. कपाट श्वास घेत नाही.

"सरासरी खाली येणार," मॅडम म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "मंत्रालयात मला उभं करतील."

"ती खालीच होती, मॅडम," मी म्हणाले. "आपण बघत नव्हतो."

त्या दिवशी दुपारी रकाना बदलला. शब्द : शून्य ते तीस हजार. शेजारी नवा रकाना. बाळाच्या श्वासाचे तास : शून्य ते चोवीस. श्वास सहा तासांच्या वर आणि शब्द सहाशेच्या खाली, तर ते कपाट नाही, घर. पंचेचाळीस दिवसांच्या जुन्या ओळी आत घेतल्या. ज्यांची नावं नव्वद दिवसांनी कमी झाली होती तीही परत यादीत. अकरा हजारांतून कपाटं वजा झाल्यावर उरली तीन हजार एकशे सहा घरं.

साडेचारला मेसेज आला. 'दुर्वाची आई, आपल्या बाळासाठी बोलसखी नेमण्यात आली आहे : सुगंधा पाटणकर.' पाठोपाठ सुगंधाताईंचा फोन. "सोमवारी येते गो! आणि ऐक, मला लिफ्ट हवी. मी सरकारी माणूस आता."

दुर्वा बोलेल की नाही ते मला कुणी सांगितलं नव्हतं. भाषातज्ज्ञ बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "वेळ आहे अजून. फार नाही, पण आहे."

*

शुक्रवारी सकाळी मी योजनेचा नकाशा उघडला. त्यावर नावं नसतात, पत्ते नसतात. फक्त गाव आणि त्यातली सहाशेखालची घरं. नंदुरबारच्या डोंगरांत बरीच, यात नवल नव्हतं. पण पुण्याच्या उंच इमारतींत त्याहून जास्त. मी बोटानं सरकवत सरकवत किनाऱ्यावर आले. सडा वसाहत.

२.

मी नकाशा बंद करून परत उघडला. दोन.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची इमारत दिसते. तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून दुसऱ्या घराच्या दोरीवर बारके फ्रॉक वाळत होते. चार फ्रॉक, एक टोपरं. मी दुर्वाला उचललं, घराला कडी घातली, आणि उतरले. कातळ तापला होता. दोनशे पावलंही नसतील.

दार उघडलं ती माझ्याहून लहान होती. पंचविशीची. ओले हात पदराला पुसत उभी. तिच्या मागे अडीच वर्षांची मुलगी, तिच्या फ्रॉकच्या गळ्याशी हिरवा दिवा.

"मी समोरच्या इमारतीतली. शलाका."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. बीडकडचं बोलणं. "खिडकीतून दिसता रोज. मी अयोध्या. तुम्ही इंजिनेर हाव ना? म्हणून म्या काय बोलले न्हाई कवा." तिनं दुर्वाकडे पाहिलं. "मला वाटलं, घरात हाय का न्हाई लेकरू, आवाज तर येईना."

"तुमचंही घुंगरू बंद आहे असा मेसेज येत होता का?"

तिचा चेहरा एकदम बंद झाला. "आठ महिन्यांमागं सुरू झाला. तीनदा बदलून आणलं. तीन महिन्यांनी नावच कमी केलं त्यांनी. तरी म्या काढलं न्हाई, ईश्वरीच्या अंगावरच हाय. कालच्याला परत आलं नाव, कसं काय ते देवाला ठावं."

"ते... ती चूक होती. यंत्रात नव्हती, नियमात होती." मला आत बोलवेपर्यंत थांबायला हवं होतं, पण थांबले असते तर मी परत गेले असते. "सहाशेपेक्षा कमी शब्द असले तर नोंद घ्यायचीच नाही, असा नियम होता. तो मी लिहिला होता."

ईश्वरी आणि दुर्वा एकमेकींकडे बघत होत्या. दोघी गप्प. अयोध्यानं ओले हात पुन्हा पदराला पुसले. मी शिव्यांची वाट पाहत होते, आणि त्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हंजे म्या बंद करून ठेवीत न्हवते," ती शेवटी म्हणाली.

"नाही. तुमचं सुरूच होतं. रोज."

"ईश्वरीचे पप्पा म्हणतात म्याच बंद करून ठेवते. आठ महिने. लेकरू बोलत न्हाई ते तुझ्यामुळं, तुला एक डबी सांभाळता येईना. सासूबी म्हणती, फोनवर, समद्यांसमोर." तिचा आवाज कुठेच हलला नाही. हे ती बहुतेक आठ महिने मनात म्हणत आली होती, एकही शब्द न सांडता. "आता म्या सांगितलं तर ऐकायचे न्हाईत. म्हणतील, शिकवलं कुणी तुला."

तिनं आत जाऊन फोन आणला. नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्या हातात ठेवला.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "साध्या मराठीतच सांगा, नीट. तुमचं नाव सांगा आन् कुणी लिहिलं तेबी सांगा."

फोन वाजत होता. दुर्वा माझ्या कडेवरून खाली घसरू बघत होती. मी तिला सोडलं. मागून यंत्रांची घरघर आली आणि एक पुरुषी आवाज, घाईतला. "हां, काय? कामावर हाय मी."

"नमस्कार," मी म्हणाले. "मी शलाका बोलतेय. तुमच्या समोरच्या इमारतीतली. मला तुम्हाला काही सांगायचंय, आणि जरा वेळ लागेल. ठेवू नका."